मी कुठं हाय, सांग की

माझ्या ऑफिसच्या भिंतीवर दोन घड्याळं होती. एक सोलापूरचं, दुसरं किर्गिझस्तानचं. दुसरं पहिल्यापेक्षा अर्धा तास पुढे. मोठ्या हॉटेलांत लंडन, न्यूयॉर्क अशी घड्याळं असतात, त्यांच्यात चांगला घसघशीत फरक असतो, बघणारा दबकतो. अर्ध्या तासाला कोण दबकणार? येणारा प्रत्येक पालक खुर्चीत टेकायच्या आधी सांगायचा, "साहेब, तुमचं एक घड्याळ पुढं चाललंय." शेवटी मी खाली देशाच्या नावाची पट्टी चिकटवली. वैरागच्या एका आडत व्यापाऱ्यांनी ती मोठ्यानं वाचली आणि म्हणाले, "ते ठीक हाय, पण दुरुस्त तेवढं करून घ्या."

यंदाच्या पाडव्याला ते ऑफिस मी पुतण्याच्या हवाली केलं. घड्याळं तिथंच आहेत, मी सुटलो. अशा वेळी 'जड अंतःकरणाने' वगैरे म्हणायची पद्धत आहे. माझं अंतःकरण त्या दिवशी इतकं हलकं झालं होतं, की जिना उतरताना मी कठडा धरला.

परदेशात एमबीबीएसला मुलं पाठवणं हा माझा धंदा. शुक्रवार पेठेत भांड्यांच्या दुकानाच्या वर, लाकडी जिना चढलं की डाव्या हाताला. मुळात तिथं माझा टायपिंगचा क्लास होता. घरोघरी कॉम्प्युटर आले आणि क्लास बसला. मग मी लोकांचे पासपोर्टचे अर्ज भरून द्यायला लागलो. त्यातच एका मुलाचा तिकडच्या कॉलेजचा अर्ज भरला, त्याला प्रवेश मिळाला, त्याच्या वडिलांनी चार पाहुण्यांत माझं नाव काढलं, आणि मी आंतरराष्ट्रीय वैद्यकीय शिक्षणातला जाणकार झालो. बारावीला बेडूक कापताना मलाच घेरी आली होती, हे मी पालकांना सांगत नसे. परदेश म्हणाल तर मी हैदराबादच्या पलीकडे गेलेलो नाही. पासपोर्ट काढला होता, पण तो कोरा असतानाच त्याची मुदत संपली. घरी कुणी नवखं माणूस आलं की वसुधा, म्हणजे माझी बायको, ही गोष्ट चहाबरोबर देते.

ज्यांचा या गोष्टींशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इथं डॉक्टर व्हायला जागा थोड्या आणि इच्छा असणारे पुष्कळ. ज्यांचं इथं जमत नाही ती मुलं बाहेरच्या देशात जातात. पण नुसतं जाऊन भागत नाही. इथली 'नीट' ही प्रवेशपरीक्षा पास व्हावीच लागते. तिकडचं कॉलेज निवडताना सगळं शिक्षण इंग्रजीत आहे का, इंटर्नशिप तिथंच होते का, तिथल्या डॉक्टरला मिळतो तो परवाना आपल्या मुलाला मिळतो का, हे बघावं लागतं. आणि एवढं सगळं करून परत आलं की इथं पुन्हा एक परीक्षा. ती पास झाली तर पुन्हा इंटर्नशिप. विमानातून उतरला की झाला डॉक्टर, असं नसतं, हे मी प्रत्येकाला सांगायचो. सांगत असताना त्यांचं लक्ष घड्याळाकडे असायचं.

लोक विचारायचे ते प्रश्न मात्र कुठल्या माहितीपुस्तकात नसायचे. त्याच वैरागच्या व्यापाऱ्यांनी विचारलं होतं, "तिकडं बारा महिने थंडी. मग ह्याला आपल्याकडचं ऊन लागलेला माणूस कळंल का?" मी रोग सगळीकडे सारखेच असतात असं काहीतरी तज्ज्ञासारखं बोललो. त्यांचा मुलगा पाच वर्षांनी परत आला तेव्हा म्हणाला, "काका, बर्फानं काळी पडलेली बोटं मी भरपूर बघितली. साप चावलेला माणूस पहिल्यांदा बघितला तो इथं आल्यावर." म्हणजे व्यापाऱ्यांचा प्रश्न बरोबर होता आणि उत्तर माझं चुकीचं होतं.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका विणकर घरातली आई आली होती. मुलाशी तेलुगूत, माझ्याशी मराठीत आणि चिडली की दोन्हीत बोलायची. कॉलेजबद्दल तिनं चकार शब्द विचारला नाही. "खोलीला खिडकी आहे का? खिडकीत ऊन येतं का?" एवढंच. मुलाच्या बॅगेत तिनं कडक भाकरीची चवड आणि शेंगाचटणी भरून दिली. तिकडच्या विमानतळावर ती लाल पूड बघून अधिकाऱ्यांनी पोराला बाजूला घेतलं. त्यानं मला फोन लावून दिला. मला रशियन येत नाही, त्यांना मराठी येत नाही, आणि शेंगदाण्याला इंग्रजीत काय म्हणतात हे ऐन वेळी माझ्या डोक्यातून गेलं. शेवटी त्या अधिकाऱ्यानंच बोटाला लावून चाखली. पोरगं सांगत होतं, पाणी पिऊन झाल्यावर त्यानं आणखी थोडी मागितली.

अशा गोष्टी सांगायला बऱ्या. काही मुलं मात्र परत येऊन इथल्या परीक्षेत अडकली, ती अडकलीच. त्यांतली दोघं-तिघं अजून शुक्रवार पेठेतून जाताना भांड्यांच्या दुकानासमोर रस्ता ओलांडून पलीकडून जातात. मला वरच्या खिडकीतून दिसायचं. हाक मारावी असं वाटायचं, पण हाक मारून काय बोलायचं ते सुचायचं नाही.

पण आज सांगायचीय ती रेणुकाची गोष्ट. दोनेक वर्षांमागची.

रेणुका सांगोल्याकडच्या एका वाडीवरची. आई ती लहान असतानाच गेली. वडील मायाप्पा, मेंढरं राखणारे. पोरगी हुशार, बोलायला तिखट. पहिल्यांदा दोघं ऑफिसात आले तेव्हा मी नेहमीचं सगळं पुराण सांगितलं. मायाप्पांनी घोंगडं मांडीवर घेऊन ते शांतपणे ऐकलं. मग एकच प्रश्न विचारला.

"तितनं हाक मारली तर हितं ऐकू येती का?"

मी म्हणालो, "ऐकू येते, आणि फोनवर पोरगी दिसतेही."

"मग जाऊ दे तिला," ते म्हणाले.

रेणुका गेली आणि चांगली शिकली. सुट्टीला आली की माझ्या ऑफिसात बसून तिकडच्या गोष्टी सांगायची. टेबलाएवढ्या पडद्यावर माणसाचं शरीर थराथरानं उलगडून बघतात. खिशात मावेल असं यंत्र फोनला जोडून पोटातलं बाळ बघतात. तिचे शिक्षक म्हणायचे, उद्याचा दवाखाना माणसाच्या मनगटावर असेल, आजारी पडायच्या आधीच डॉक्टरला कळेल. मला हे ऐकून थोडी भीतीच वाटायची. वसुधानं मला वाढदिवसाला तसलं एक घड्याळ दिलं होतं. जरा वेळ बसलो की ते मनगटाला चिमटल्यासारखं थरथरायचं आणि 'उठा' म्हणायचं. एका लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढायला आले आणि नेमकं तेव्हा ते थरथरलं. ते मी कपाटात ठेवलं. वसुधाचं म्हणणं, कपाटात ते माझ्यापेक्षा जास्त हालचाल करतं.

शेवटच्या परीक्षेआधी रेणुका सुट्टीला आली होती, त्या सुमाराला मायाप्पांना उन्हात भोवळ आली. सोलापुरात हृदयाच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, ठोके मधूनच चुकतात, घाबरण्यासारखं नाही, पण गोळी रोज चुकवायची नाही आणि नाडीवर लक्ष ठेवायचं. रेणुकानं जाण्याआधी त्यांच्यासाठी एक घड्याळ घेतलं. त्यात सिमकार्ड होतं, त्यामुळे नाडी, पावलं, माणूस कुठं आहे, सगळं तिला तिकडे फोनवर दिसणार होतं. माणूस धाडकन पडला तर तसा निरोपही जाणार होता. माझ्यासमोर बसून तिनं वडलांना सगळं समजावलं.

मायाप्पांनी विचारलं, "पावसात चालतंय का?"

"चालतंय, अण्णा."

"टक्कर बसली तर फुटंल का?"

"न्हाय फुटत, मजबूत हाय."

"लई चांगलं झालं," ते म्हणाले. टकरीबद्दल त्यांनी का विचारलं, हा प्रश्न तेव्हा तिला पडला नाही आणि मला तर नाहीच नाही.

पुढं महिनाभर रेणुका खूश होती. फोनवर सांगायची, "काका, अण्णांची तब्येत पोरांसारखी झालीय. दिवसभर चालतात, दुपारी झाडाखाली मस्त झोप काढतात. नाडी जरा पळती मधून मधून, पण ताल चांगला हाय." तिनं मायाप्पांनाही तेच सांगितलं. तुमचं सगळं झकास हाय, अण्णा.

मग एक दिवस तिचा आवाज पडलेला होता.

"काका, एक विचारू? अण्णा तुमच्याशी बोलताना काही विसरतात का?"

"नाही गं. परवाच बोललो. गेल्या उन्हाळ्यात पाऊस कधी पडला ते सगळं सांगत होते. का?"

"रोज संध्याकाळी फोन करतात आणि विचारतात, रेणू, मी कुठं हाय सांग की."

"गंमत करत असतील."

"मलाही तसंच वाटलं. पण रोज, काका. मी बघून सांगते, ओढ्याच्या पलीकडं हाय बघा, लिंबाजवळ. मग 'बरं झालं' म्हणतात आणि फोन ठेवतात. स्वतः कुठं उभं हाय ते माणसाला कळत नसंल तर..." ती पुढं म्हणाली, "विसरायच्या आजारात सुरुवातीला असंच असतंय. पुस्तकात दिलंय."

शेवटच्या वर्षाच्या मुलांना पुस्तकातलं सगळं घरच्यांत दिसतं. मी एकदा तिच्याशी बोलताना शिंकलो तर तिनं माझ्या फुप्फुसाची चौकशी केली होती. म्हणून मी हसण्यावारी नेलं. पण फोन ठेवल्यावर माझंही लक्ष कामात लागेना. मायाप्पांना मी विचारावं तरी कसं, तुम्ही कुठं आहात ते तुम्हाला कळतं का म्हणून?

तिची शेवटची परीक्षा आली. मे महिना, सोलापुरात डांबर पायाला चिकटत होतं. पहिली तोंडी दुसऱ्या दिवशी सकाळी. आणि आदल्या दिवशी, मी ऑफिसचं कुलूप काढतोय तोच रेणुकाचा फोन.

"काका, अण्णा पडलेत."

"कोण म्हणालं?"

"घड्याळ. जोरात पडले असा निरोप आलाय. फोन लावला, उचलत न्हाईत. शेजारी लावला, ती सगळी लग्नाला गेलीत." मग एकदम, "काका, पुन्हा आला. पुन्हा पडले."

मी जिन्यातच बसलो. ती सांगत होती, संध्याकाळचं विमान आहे, तिकिटाचं पान उघडून बसलेय. परीक्षा सोडली तर वर्ष जाणार हे तिला माहीत होतं. मला तर पुरतं माहीत होतं. तिकडे एक वर्ष जास्तीचं म्हणजे काय, हे मी इतरांना समजावून सांगत आलो होतो.

"तू तिकीट काढू नकोस," मी म्हणालो. "मी निघालो. मी पोचून फोन करेपर्यंत काढू नकोस."

हे मी ज्या ठामपणे म्हणालो त्याचं मलाच आश्चर्य वाटलं. खाली उतरलो तर गाडीची किल्ली घरी. घरी गेलो तर वसुधा म्हणाली, "मीही येते. तुम्ही एकटे गेलात तर आधी तुम्हालाच शोधावं लागेल."

सांगोल्याच्या जवळच्या दवाखान्यातल्या ओळखीच्या डॉक्टरांना लावून बघितलं, ते ऑपरेशनमध्ये होते. निरोप ठेवला आणि आम्ही निघालो. मंगळवेढ्याच्या रस्त्याला रेणुकाचे निरोप येत राहिले. वसुधा वाचायची. "नाडी फार जोरात आहे." "पुन्हा पडले." जरा वेळ काहीच नाही. मग, "पुन्हा."

मला डोळ्यांसमोर मायाप्पा दिसत होते, उठायला बघताहेत, पडताहेत, पुन्हा उठायला बघताहेत.

वसुधा बोलली. "अहो, एवढ्या वेळा पडतात म्हणजे तेवढ्या वेळा उठतात. उठणारा माणूस जिवंत असतो."

त्या वाक्यावर मी पुढची सगळी वाट काढली.

वाडी मुख्य रस्त्यापासून आत होती. वस्तीवर लग्नामुळे चिटपाखरू नव्हतं. गाडी थांबवली आणि बघतो तर मायाप्पा दारातल्या बाभळीखाली बसून शांतपणे दोरी वळत होते.

मला बघून ते उठले. आणि तेव्हा जे झालं ते मी विसरलेलो नाही. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, वसुधाकडं पाहिलं, आणि त्यांच्या तोंडावरचा रंग उतरला. हातातली दोरी खाली पडली.

"सायेब," ते म्हणाले, "रेणूला काय झालं?"

शुक्रवार पेठेतला तो माणूस, जो सहा वर्षांत कधी वाडीवर आला नव्हता, तो बायकोला घेऊन भर उन्हात दारात उभा. त्यांनी दुसरा काय अर्थ लावावा? ते खाली बसले. मी धावत पुढं झालो आणि एका दमात म्हणालो, "ती बरी आहे. ठणठणीत आहे. उद्या परीक्षा आहे तिची. आम्ही तुमच्यासाठी आलोय."

"माज्यासाटी?"

"तुम्ही पडलात ना?"

"मी कुटं पडलो? सकाळधरनं हितंच बसलोय. मोबाईल आत चार्जिंगला हाय."

वसुधानं त्यांना पाणी दिलं. त्यांनी तांब्या दोन्ही हातांनी धरला. मी त्यांच्या मनगटाकडं पाहिलं. मनगट रिकामं होतं.

एवढ्यात घरामागून धाप्पकन आवाज आला, जसं कुणी भरलेलं पोतं भिंतीवर आपटावं. आणि लगेच माझ्या हातातला फोन वाजला. रेणुकाचा निरोप. पुन्हा पडले.

मी फोनकडं बघितलं, घराकडं बघितलं. घराला वळसा घालून मागं गेलो. तिथं दोन मेंढे एकमेकांकडं तोंड करून मागं मागं सरकत होते. एक शेजाऱ्याचा. दुसरा मायाप्पांचा, माडग्याळ जातीचा, पोपटाच्या चोचीसारखं वाकडं नाक असलेला उंच मेंढा. दोघं थबकले, धावले, डोक्याला डोकं आपटलं. धाप्प. माझ्या हातात फोन वाजला.

त्या उंच मेंढ्याच्या पुढच्या पायाला, गुडघ्याच्या वर, लोकर नीट कातरून, काळा पट्टा बांधलेला होता.

"त्यो पोपट्या," मायाप्पा मागून येत म्हणाले. "शेजारच्या मेंढ्याशी त्याचं लई वाकडं हाय. आज गडी मोकळा सुटलाय."

"मायाप्पा, घड्याळ ह्याच्या पायाला?"

"व्हय. मग?" त्यांना त्यात काही चुकलंय असं वाटत नव्हतं. "रेणू म्हनली, ह्याच्यात माणूस कुटं हाय ते दिसतंय. मी कुटं हाय ते सगळ्या वाडीला ठावं हाय की. पोपट्या कुटं हाय ते कळाया पायजे. गेल्या साली असलाच मेंढा चोरांनी जीपमधनं न्हेला शेजारच्या वस्तीवरनं. म्हणून संध्याकाळी रेणूला इचारायचं, मी कुटं हाय. ती सांगायची, ओढ्याजवळ. की जाऊन घेऊन यायचं."

वसुधा बाभळीला टेकून तोंडावर पदर घेऊन उभी होती. ती रडतेय असं मला वाटलं. ती हसत होती.

मी रेणुकाला व्हिडिओ कॉल लावला. तिचं तोंड सुजलेलं, मागं बॅग अर्धी भरलेली. मी फोन मायाप्पांच्या हातात दिला.

"अण्णा!" एवढंच ती म्हणाली आणि पुढं तिला बोलताच येईना.

"रडतीस कशाला? मला काय धाड भरलीय? हे बघ," आणि त्यांनी फोन मेंढ्याकडं वळवला. "हे बघ, घड्याळबी बरं हाय. तू म्हनलीस तसं लई मजबूत हाय."

रेणुकानं डोळे पुसून पडदा जवळ घेतला. मग, "म्हणजे दोन महिनं मी पोपट्याची नाडी बघत होते?"

"व्हय की. तूच म्हनलीस, झकास हाय."

मी इतका सुटल्यासारखा झालो, की तिथंच एका दगडावर बसलो. रेणुका हसायला लागली, मग पुन्हा रडली, मग वडलांना फाडफाड बोलली, आणि बोलता बोलता एकदम गप्प झाली. तो गप्प होण्यातला फरक मला फोनवरूनही कळला. आता बोलत होती ती मुलगी नव्हती, डॉक्टर होती.

"अण्णा, मग तुमची नाडी कशी हाय?"

"माजी? चांगलीच हाय की."

"कशावरनं?"

"तूच रोज सांगत हुतीस की, सगळं झकास हाय."

"गोळ्या घेता का?"

मायाप्पा मेंढ्याकडं बघायला लागले. "तू झकास म्हनलीस तवा बंद केल्या."

वसुधा घरात गेली. कोनाड्यात देवाच्या फोटोमागे गोळ्यांची पाकिटं होती, जवळजवळ भरलेली. तिनं ती बाहेर आणून माझ्या हातात दिली. मेंढा धडधाकट होता म्हणून त्याच्या मालकानं औषध सोडलं होतं, आणि मुलगी तिकडे निश्चिंत होती.

रेणुकानं मला सांगितलं, "काका, त्यांच्या मनगटावर तीन बोटं ठेवा." मी ठेवली. मला काही सापडेना. माझ्या स्वतःच्याच छातीतले ठोके बोटांत येत होते. वसुधानं मला बाजूला केलं आणि धरली. शाळेत स्काउटच्या वर्गाला शिकवत असल्यामुळे तिला येत होतं. "चालते," ती म्हणाली. मग जरा थांबून, "मध्ये एक खाते. पुन्हा चालते. पुन्हा एक खाते."

रेणुकानं डोळे मिटले. "आजच सोलापूरला न्या," ती म्हणाली. "त्याच डॉक्टरांकडं."

"आणि तू?" मी विचारलं.

ती बॅगेकडं बघत होती. मायाप्पांनी फोन माझ्या हातातून घेतला. "तू तिकडं परीक्षा दे. मी हिकडं देतो," ते म्हणाले. "दोघांचा निकाल एकदम लागंल."

एवढ्यात सांगोल्याच्या डॉक्टरांचा उलटा फोन आला. त्यांनी वाटेत आपल्या दवाखान्यात पहिली तपासणी केली, सोलापूरला फोन करून ठेवला. गाडीत मायाप्पा मागच्या सीटवर ताठ बसले होते, घड्याळ आता त्यांच्या मनगटावर होतं आणि ते त्याच्याकडं असं बघत होते, जणू ते दुसऱ्याचं उसनं आणलंय. पोपट्याला लग्नाहून नुकत्याच परतलेल्या शेजारच्या आजीबाईंच्या हवाली केलं होतं. त्याचं काय होईल, ही एकच काळजी त्यांना मंगळवेढ्यापर्यंत होती. त्यापुढं ते झोपले.

हृदयाच्या डॉक्टरांनी त्यांना दोन दिवस ठेवून घेतलं. गोळी बदलली, सोबत रक्त पातळ करायची एक सुरू केली. मला बाहेर बोलावून म्हणाले, "ठोके असे चुकत राहिले की हृदयात गुठळी होते, आणि ती मेंदूकडे जाते. अजून काही आठवडे असे गेले असते तर मी तुम्हाला वेगळं सांगत असतो. वेळेवर आणलंत. कसं लक्षात आलं?"

मी त्यांना पोपट्याची टक्कर सांगितली. ते हसले नाहीत. म्हणाले, "यंत्र बरोबरच सांगत होतं हो. आपण फक्त विचारलं नाही, कुणाचं सांगतंय ते."

रेणुकाची तोंडी झाली. ती सांगते, परीक्षकांनी तिला पहिलाच प्रश्न ठोके चुकण्यावर विचारला. मला हे जरा जास्तच जुळून आल्यासारखं वाटतं, पण मी तिला तसं म्हटलेलं नाही.

परीक्षा संपवून आली तेव्हा तिनं माझ्या ऑफिसात एक प्रयोग करून दाखवला. ते घड्याळ म्हणे कातडीवर प्रकाश टाकतं आणि परत येणाऱ्या प्रकाशावरून नाडीचा अंदाज बांधतं. खाली काय आहे ते त्याला कळतंच असं नाही. तिनं ते माझ्या टेबलावरच्या मनीप्लँटच्या जाड फांदीला बांधलं. थोड्या वेळानं आकडा आला. वसुधानं वाचला आणि म्हणाली, "ह्यांच्यापेक्षा चांगली आहे."

इथली परीक्षा रेणुका दुसऱ्या खेपेला पास झाली. पहिल्या खेपेचा निकाल लागला त्या दिवशी ती ऑफिसात आली होती. रस्ता ओलांडून पलीकडून गेली नाही, वर आली, एवढ्यानंच मला अर्धं समाधान झालं. आता सोलापुरातच तिची इंटर्नशिप चालू आहे. सुट्टीच्या दिवशी वाडीवर जाते. आजूबाजूच्या वस्त्यांवरच्या म्हाताऱ्यांच्या हातांतली घड्याळं तपासते. पहिला प्रश्न तोच विचारते: हे रोज तुमच्याच हातात असतं का? परवा एक आजोबा म्हणाले, दिवसा असतं, रात्री नातवाच्या हातात, त्याला त्यात गाणी ऐकायची असतात.

ऑफिस सोडल्यावर मी आणि वसुधा रेणुकाकडं वाडीवर जेवायला गेलो होतो. संध्याकाळ झाली होती. चुलीवर भाकरी, आणि रेणुका वाढायच्या तयारीत. पोपट्याच्या गळ्यात आता स्वतःचं वेगळं यंत्र आहे, जनावरांसाठीच केलेलं, त्याचा मान राखून. मायाप्पा मेंढरं घेऊन अजून आले नव्हते. रेणुकाचा फोन वाजला, तिनं पिठाच्या हातानं कोपरानं स्पीकरवर टाकला.

"रेणू, मी कुटं हाय सांग की."

फोनवर सगळं दिसत होतं, नाडी, पावलं, नकाशावरचा ठिपका. तिनं पडद्याकडं पाहिलंही नाही.

"ओढा वलांडलाय," ती म्हणाली, "चप्पल हातात घेतलीय, आन् पोपट्याला शिव्या देताय. काका-काकू आल्यात. गोळी जेवणाआधीची हाय, या लवकर."

तिकडून मेंढरांचा आवाज आला.

"येतो," मायाप्पा म्हणाले. "बराबर हाय."